कुटुंब क्रमांक सात

४ जून

ताई,

नमस्कार. साष्टांग घालायचं वय गेलं. गुडघे एकदा टेकले की वर यायचं नाव घेत नाहीत, तेव्हा उभ्यानेच गोड मानून घे. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर माझं वाक्य अर्ध्यावर आलं की उरलेलं तू बोलून टाकतेस, आणि हे प्रकरण मला पुरतं सांगायचं आहे.

पुढच्या महिन्यात मी विद्यापीठातून निवृत्त होतोय. पंधरा जुलैला माझं निरोपाचं व्याख्यान आहे. लोक मला ओळखतात ते एका पुस्तकामुळे, हे तू ऐकून असशीलच. 'आच्छादित समाज'. तुमच्या गावातलं शिक्षण संपवून मी इकडे आलो, त्यानंतर लगेच लिहिलं. त्यात मी असं मांडलं की आजचा माणूस वस्तू घेतो ती वापरायला नाही, ती आपल्याकडे आहे हे चारचौघांना दिसावं म्हणून. मग ती खराब होऊ नये म्हणून झाकून ठेवतो आणि तिच्या शेजारी जन्मभर अवघडून बसतो. याला आच्छादनाचा सिद्धांत म्हणतात. मुलं पाठीमागे मला कव्हरसर म्हणतात, त्याला माझा इलाज नाही.

हा सगळा डोलारा एका घराच्या निरीक्षणावर उभा आहे. पुस्तकात त्याचं नाव 'कुटुंब क्रमांक सात'. आधीची सहा कुटुंबं कोणाच्या लक्षात नाहीत, खुद्द माझ्याही नाहीत. आता आमच्याकडे एक दाढीवाला तरुण प्राध्यापक आला आहे. त्याने छापून आणलंय की असलं घर जगात असूच शकत नाही, हे कुटुंब मी खुर्चीत बसून रचलं. ताई, माणूस चुकला म्हणणं वेगळं आणि त्याने खोटं रचलं म्हणणं वेगळं. आमच्या व्यवसायात याहून मोठी शिवी नाही. हा गृहस्थ व्याख्यानाला येऊन सगळ्यांसमोर विचारणार, आणि मला गप्प बसावं लागणार, कारण कुटुंबाची ओळख गुप्त ठेवायचं बंधन माझ्यावर आहे. कुटुंबाने आपणहून सांगितलं तर गोष्ट वेगळी.

तर हे कुटुंब तुझ्या चांगल्या ओळखीचं आहे. किंबहुना ते तुम्हीच.

होस्टेलवरून दर रविवारी मी तुमच्याकडे जेवायला यायचो, तेव्हा सहज थोडं टिपून ठेवत असे. त्यात वाईट असं काहीच लिहिलेलं नाही. तू फक्त एवढंच लिहून दे की असं घर होतं आणि ते आमचं होतं. त्यासाठी पुस्तक वाचायची अजिबात गरज नाही. ते फार रूक्ष आहे, आणि बारीक टाइपाने तुझ्या डोळ्यांना त्रास होईल.

भाऊजींना नमस्कार.

तुझा
टिल्लू


११ जून

चि. टिल्लूस,

आशीर्वाद. तुझं पत्र मी यांना मोठ्याने वाचून दाखवलं. 'किंबहुना ते तुम्हीच' इथे आल्यावर हे सोफ्यावरून उठून बसले. दुपारच्या वेळी हे उठून बसणं म्हणजे काय, ते तुला कळणार नाही. वीज कंपनीची मीटरं तपासत जन्मभर जिने चढले, त्याची सगळी वसुली निवृत्तीनंतर आडवं पडून चालली आहे.

आम्ही पुस्तकात आहोत आणि तू हे आत्ता सांगतोस. मला तर वाटायचं तू त्या वहीत कविता करतोस. प्रेमात बिमात पडला असेल पोरगा, म्हणून मी मुकाट्याने दुसरा चहा आणून ठेवायची. शेजारणीला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. ती म्हणाली, यांच्या घरात लिहिण्यासारखं आहे काय? म्हटलं, विद्यापीठाला विचार. हे विचारताहेत, पुस्तकात फोटो आहेत का.

दोन ओळी काय, दोन पानं लिहून देते. पण आधी पुस्तक पाठव. कशाखाली सही करते ते बघू दे की. डोळ्यांची काळजी तू करू नकोस, मोतीबिंदू काढल्यापासून मला मुंग्यांचे पायसुद्धा दिसतात.

ताई


१७ जून

ताई,

पुस्तक पाठवलंच असतं, पण ते बाजारात मिळत नाही आणि माझी प्रत बांधणीला दिली आहे. बांधणीवाला आजारी आहे. तू नाहक दगदग करू नकोस. पुस्तक म्हणजे थोडक्यात एका टापटीप, सुस्थितीतल्या घराचं सहृदय चित्र आहे. तुझा उल्लेख आदराने आहे.

तुझा वेळ वाचावा म्हणून मजकूर मीच तयार करून सोबत जोडला आहे. "आमच्या बैठकीच्या खोलीतला सोफा सदैव प्लास्टिकच्या कव्हराखाली असे व त्याचा वापर होत नसे. फ्रिज स्वयंपाकघरात न ठेवता पाहुण्यांच्या नजरेसमोर ठेवलेला असे." एवढंच. खाली सही आणि तारीख. पाकिटावर पत्ता घालून तिकीटही लावलंय, तू फक्त पेटीत टाकायचं.

टिल्लू


२८ जून

टिल्लू,

बांधणीवाल्याला आराम पडो. तुझं पुस्तक आपल्या वाचनालयातच होतं. ग्रंथपाल म्हणाले, इतक्या वर्षांत तुम्ही दुसऱ्या. पहिल्याने पान बावीसवर बसचं तिकीट खूण म्हणून ठेवून परत केलं होतं. मी मात्र शेवटपर्यंत वाचलं.

"गृहिणी, वय बत्तीस." मी एकोणतीस वर्षांची होते. माझा जन्म तुझ्या आधी झाला, त्यामुळे तुला तो आठवायचं कारण नाही, पण विचारायला जीभ होती. "गृहिणी बोलकी असून वस्तूंबद्दल बोलताना तिच्या डोळ्यांत चमक येते." ती चमक नव्हती, तू बूट घालून गालिच्यावर चालत होतास. "बसणाऱ्याच्या हालचालीसरशी कव्हर चरचरते, जणू वस्तू माणसाला त्याची पायरी दाखवून देते." आणि पुढे हे वाक्य, जे मी पाच वेळा वाचलं: "या घरात वस्तूंना माणसांपेक्षा अधिक मान आहे."

दर रविवारी माझ्या हातचं दोन वेळा जेवून, डबा भरून घेऊन, वसतिगृहात जाऊन तू हे लिहीत होतास. मला फार लागलं, टिल्लू. राग तर आलाच, पण त्याआधी लागलं.

आता ऐक. फ्रिज बाहेर होता कारण स्वयंपाकघरात प्लग नव्हता. तुझे भाऊजी वीज कंपनीत, सगळ्या गावाला उजेड दाखवणारे, आणि घरात एक प्लग बसवायला यांना नऊ वर्षं लागली. पाहुण्यांच्या नजरेचा काय संबंध? पाहुण्यांपैकी कोणाला थंड पाणी हवं असलं की उलट मलाच लाज वाटायची, सगळ्यांदेखत आतलं उरलंसुरलं दिसायचं.

आणि सोफा. सोफा घरात आला त्या रविवारी त्याच्यावर कव्हर नव्हतं. तू आलास, बसलास आणि संध्याकाळपर्यंत बोलत राहिलास. तुझ्या मागच्या खिशातलं शाईचं पेन गळत होतं. तू गेल्यावर बघते तर बशीएवढा निळा डाग. तुला पत्ताच नव्हता. पुढच्या रविवारी तू मलाच सांगत होतास की हल्ली शाई फार लवकर संपते.

तेव्हापासून जिन्यावर तुझी पावलं वाजली की मी कव्हर चढवायची आणि तू कोपऱ्यावरून वळलास की काढायची. सोमवार ते शनिवार हे त्या सोफ्यावर लोळायचे, मुलं उड्या मारायची, मी भाजी निवडायची. त्याच्या स्प्रिंगा वापरून वापरून बसल्या म्हणून तो पुढे काढून टाकला. कव्हर सदैव नव्हतं. ते फक्त तुझ्यासाठी होतं.

दोन वर्षं तू आमच्या घरात समाज बघत होतास आणि तुला फक्त तूच दिसत होतास. मी सही करणार नाही. तुझं पाकीट फुकट गेलं नाही, त्यातून हेच पत्र पाठवते आहे.

ताई


३ जुलै

ताई,

वयाबद्दल मनापासून माफी मागतो. ती छपाईची चूक असावी.

तुझं पत्र वाचल्यापासून अन्न गोड लागत नाही. आधी म्हटलं, तुझी आठवण दगा देत असेल. इतक्या वर्षांनी माणसाला स्वतःला सोयीचं तेच आठवतं, यावर संशोधन आहे. पण निळा डाग पडलेली ती पँट मलाही आठवली. होस्टेलचा धोबी त्यावरून माझ्याशी भांडला होता.

आता माझी कोंडी बघ. तू पुढे आलीस तर मी खोटारडा नाही हे सिद्ध होतं, पण त्याच क्षणी सिद्धांत आडवा होतो. तू आली नाहीस तर सिद्धांत उभा राहतो आणि मी खोटारडा ठरतो. दोन दिवस विचार केला. आधीच्या पत्रात मी काय लिहिलं होतं ते मला ठाऊक आहे, त्याची आठवण करून देऊ नकोस. पण ताई, लोकांना मला खोटारडा म्हणू दे. त्या आरोपाला पुरावा नाही, चार दिवस कुजबुज होईल आणि लोक विसरतील. पण मी चुकलो असं ठरलं तर माझं सगळं आयुष्यच गेलं. डझनभर मुलांनी या सिद्धांतावर डॉक्टरेट केली आहे. एक तर आता आमची विभागप्रमुख आहे, आणि व्याख्यानाच्या दिवशी शाल तीच घालणार आहे. तिला काय सांगू, की तुझी पदवी माझ्या गळक्या पेनावर उभी आहे?

म्हणून हात जोडतो. सही नको, पत्र नको, व्याख्यानाला तर मुळीच येऊ नकोस. दाढीवाल्याने विचारलं तर 'गोपनीयता' म्हणेन आणि पाणी पिईन. कव्हराबद्दल कोणाशी चकार शब्द काढू नकोस. शेजारणीशी तर नकोच नको.

एकच विचारतो. खरंच फक्त मी आलो की घालायचीस? दुसऱ्या कोणासाठी कधीच नाही?

टिल्लू


१२ जुलै

प्राध्यापकसाहेब,

पत्र मी लिहितोय, म्हणजे परिस्थिती गंभीर आहे हे ओळखा. तुमची ताई जेवायला वाढते पण बोलत नाही. तुमचं पुस्तक तिने पुन्हा वाचायला घेतलंय, आणि या वेळी हातात पेन्सिल आहे. वाचनालयाचं पुस्तक आहे म्हटलं तर म्हणाली, भावाचं आहे.

तुमचं शेवटचं पत्र तिने मला वाचून दाखवलं नाही. डब्याखाली ठेवलं होतं, मी वाचलं. तुम्हाला लोक खोटारडा म्हणाले तर चालेल, हे तिला अजिबात पसंत पडलेलं दिसत नाही. काल मला विचारत होती, लहानपणी हा कधी खोटं बोलला होता का. मी म्हटलं, मला काय माहीत, माझ्या पदरात तो एकविसाव्या वर्षी पडला. त्यावर स्वतःच म्हणाली, नाही, साय खाल्ली की कबूल करायचा.

आज तिने माळ्यावरची बॅग काढली आहे. कुठे निघालीस विचारलं तर म्हणाली डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे कोणी बॅग भरून जात नाही. हे पत्र वेळेत मिळालं तर सावध व्हा.

फ्रिजचं मात्र तुम्ही बरोबर लिहायला हवं होतं. प्लगला नऊ नाही, सात वर्षं लागली.

भाऊजी


१६ जुलै

ताई,

भाऊजींचं पत्र आज सकाळी मिळालं. म्हणजे जे व्हायचं ते काल होऊन गेल्यावर.

तू रात्रीच्या गाडीने परत गेलीस, धड जेवलीही नाहीस. सभागृहात तुझ्याशी बोलता आलं नाही, कारण तुझ्याभोवती घोळका होता. म्हणून इथे लिहितो, म्हणजे तुलाही कळेल की ते वरून कसं दिसलं.

व्याख्यान चांगलं चाललं होतं. शाल घातली, गुच्छ दिला, विभागप्रमुख बाई माझ्याबद्दल बोलताना गहिवरल्या. मग प्रश्न विचारा म्हणाल्या आणि दाढीवाला उठला. आवाज चढवला नाही त्याने. म्हणाला, "सर, एवढंच सांगा, ते घर होतं का?" मी ठरल्याप्रमाणे गोपनीयता म्हणणार होतो. पण तोंडाला कोरड पडली, आणि प्यायला गेलो तर पेला रिकामा. समोर दीडदोनशे माणसं. त्यांच्या चेहऱ्यांवर मला दिसलं की यांना उत्तर मिळून चुकलंय. खोटारडा ठरणं परवडेल असं मी तुला मोठ्या ऐटीत लिहिलं होतं. ते कागदावर परवडतं, ताई. माझी शिकलेली मुलं खाली मान घालून बसली होती, ते मला बघवेना.

तेवढ्यात शेवटच्या रांगेत कोणीतरी घसा खाकरला. मला रागावण्याआधी तू जसा खाकरतेस तसाच. माझे हात आपोआप पाठीमागे गेले.

तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, "कुटुंब क्रमांक सात मी आहे. आणि मी बत्तीस नाही, एकोणतीस वर्षांची होते."

सभागृह हसलं. मग तू सांगत गेलीस. प्लग, गालिचा, पेन, सगळं. शाईच्या डागाचा आकार हाताने दाखवलास तो बशीचा नव्हता, परातीचा होता, पण मी तुला टोकण्याच्या अवस्थेत नव्हतो. माझ्या सिद्धांताची एकेक वीट तू माझ्यादेखत काढून बाजूला ठेवत होतीस आणि पहिल्या रांगेतले लोक त्या टिपून घेत होते. शेवटी दाढीवाल्याने विचारलं, म्हणजे सिद्धांत चुकीचा, असं समजायचं का. तू म्हणालीस, "ते तुमचं तुम्ही बघा. तो चुकला असेल, लहानपणापासून पुष्कळदा चुकतो. पण जे दिसलं तेच त्याने लिहिलं. माझा भाऊ खोटं बोलत नाही, एवढंच सांगायला मी आले."

आणि खाली बसलीस.

जन्मभराचं काम दहा मिनिटांत उताणं पडलं होतं, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यासाठी नव्हतं. दाढीवाला माझ्याकडे आला आणि माफी मागतो म्हणाला. मनापासून म्हणाला, पोरगा वाईट नाही. त्यानंतर अर्धा तास सगळे प्रश्न तुलाच विचारत होते. कुलगुरूंनी जाता जाता दुसरा गुच्छ काढला आणि तो घेऊन ते माझ्यासमोरून थेट तुझ्याकडे गेले. दाढीवाल्याला आता तुमच्याकडे दर रविवारी यायचंय. पाहणाऱ्याला बघून घर कसं बदलतं यावर तो पुस्तक करणार म्हणतो. मी त्याला सांगितलं, पेन शर्टाच्या खिशात ठेव.

प्रकाशकाचा फोन आला होता. बभ्रा झाल्यामुळे नवी आवृत्ती काढायची म्हणतो, आणि मी शेवटी एक नवं प्रकरण लिहावं अशी त्याची इच्छा आहे. काय लिहू ते सुचत नाही. वय दुरुस्त करतो, प्लग घालतो, पण त्या एका वाक्याचं काय करू? खोडलं तर पुस्तकात काही उरत नाही, ठेवलं तर तुला तोंड दाखवता येत नाही.

आणि एक गोष्ट काही केल्या उलगडत नाही. नवा कोरा सोफा, त्यावर भाऊजींचा एवढा जीव, आणि मी त्याची ती दशा केलेली. पुढच्या रविवारी तू मला दारातूनच परत पाठवलं असतंस तर मी काही म्हटलं नसतं, कारण मला काहीच कळलं नसतं. मग तो कव्हराचा खटाटोप दर आठवड्याला कशासाठी केलास?

टिल्लू


२४ जुलै

चि. टिल्लूस,

आशीर्वाद. गुच्छ गाडीत चेंगरला, पण दोन दिवस टिकला. शेजारणीने बघितला.

दाढीवाला येऊन गेला. खाली बसायला सतरंजी मागितली, सोफ्यावर बसायला तयार होईना. मी आणि हे सोफ्यावर आणि तो खाली, आमच्याकडे बघत बसलेला. हे इतके अवघडले की जन्मात पहिल्यांदा आपण होऊन भाजी आणायला गेले. मुलगा हेही टिपून घेत होता. म्हटलं, हे रोजचं नाही हो, पण तो ऐकेना. तुमच्या व्यवसायात सगळे सारखेच का रे?

तुझ्यावरचा राग गेला. सभागृहात तू हात मागे घेऊन उभा राहिलास ना, तिथेच गेला. उगीच तोंड लपवू नकोस. पुढच्या रविवारी जेवायला ये, दाढीवाल्याला मी दुसरा वार दिला आहे.

त्या वाक्याचं काय करायचं ते तुझं तू ठरव, मला त्यातलं कळत नाही. कव्हराचं तेवढं सांगते. हे मी सभागृहात सांगितलं नाही, कारण यांना चारचौघांत कमीपणा आला असता.

डाग पडला त्या संध्याकाळी हे माझ्यावर ओरडले. लग्नानंतर पहिल्यांदा. दिवसभर लोकांचे जिने चढायचे आणि घरी येऊन पाठ टेकायला मिळावी म्हणून यांनी तो सोफा घेतला होता, त्यामुळे यांचंही चुकलं असं मी म्हणत नाही. म्हणाले, "या घरात एक तर हा सोफा राहील नाहीतर तुझा भाऊ येईल. दोन्ही जमणार नाही." आणि न जेवता झोपले.

तू त्या वेळी नुकता होस्टेलवर आला होतास. गावात तुझं दुसरं कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी हे कामावर गेल्यावर मी बाजारातून जाड प्लास्टिक आणलं आणि मशीनवर शिवायला बसले. प्लास्टिक मशीनवर सरकत नाही, सुया मोडतात. संध्याकाळी हे घरी आले आणि दारातच थांबले, सोफ्याकडे बघत.

मी म्हटलं, हे घ्या, आता दोन्ही जमेल.

ताई